सुटकेनंतरचे सिंह आणि अवचित आलेले छावे

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या एका शिबिरात दिलेले व्याख्यान)



पाणीपुरवठा, शाळागृहांची दुरुस्ती आणि करवसुली या विषयांवर तज्ज्ञांची भाषणे झाल्यावर मी सिंहांवर बोलावयास उभा राहिलो आहे, हे पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी पशुवैद्य नव्हे आणि वनाधिकारीही नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन माहिती खात्यात आलेला एक माणूस आहे. लोकांचे प्रश्न संबंधित खात्याकडे न्यावयाचे आणि खात्याची उत्तरे लोकांना समजतील अशा भाषेत परत आणावयाची, हे माझे काम. आजचे भाषण अशाच एका प्रश्नातून निघाले आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकांचे पत्र आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या शाळेची सहल दक्षिणेकडे गेली होती. तेथील एका प्राणिउद्यानात मुलांनी बरेच सिंह पाहिले. ते सर्कशीतून सोडवून आणलेले आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. परत येताना एका विद्यार्थिनीने गुरुजींना विचारले, “एवढे सिंह आहेत, सिंहिणी आहेत, मग एकही छावा कसा नाही?” गुरुजींनी तेथील कर्मचाऱ्यांकडे चौकशी केली असता ‘पिले होऊ द्यावयाची नाहीत असा हुकूम आहे’ एवढेच उत्तर मिळाले. गुरुजी संतापले होते. सिंहासारखा राष्ट्राच्या मुद्रेवर विराजमान झालेला प्राणी. त्याची वंशवृद्धी शासन स्वतःच थांबविते, हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता. खरे सांगावयाचे तर ते पत्र वाचून मलाही त्यांचेच म्हणणे पटले. उत्तर लिहिण्यासाठी माहिती गोळा करू लागलो तेव्हा माझे मत हळूहळू बदलत गेले. ते कसे बदलले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

सर्कस आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे हे आपल्याच सांगली भागातले. १८८० साली मुंबईत त्यांनी आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे पुण्याचे दामू धोत्रे यांनी हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून सातासमुद्रापलीकडे नाव कमावले. अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत ते वाघ-सिंहांचे खेळ करीत. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे त्यांचे आत्मकथन आपणांपैकी अनेकांनी शाळेच्या ग्रंथालयातून घेऊन वाचले असेल. माझ्या पिढीनेही लहानपणी तंबूतल्या लाकडी बाकावर बसून, स्टुलावर चढलेल्या सिंहाची डरकाळी ऐकून शेजारच्याचा हात घट्ट धरलेला आहे. तेव्हा सर्कशीतील सगळी माणसे निर्दय होती, असे म्हणण्याचा अधिकार निदान मला नाही. आपल्या पोटाला चिमटा घेऊन प्राण्यांना खाऊ घालणारी माणसेही त्या तंबूत होती. परंतु सिंहाचा दिवस खेळाच्या दहा मिनिटांत संपत नाही. उरलेले साडेतेवीस तास तो कोठे असे, हे आम्ही प्रेक्षकांनी कधी विचारले नाही. तो चाकांच्या पिंजऱ्यात असे. त्या पिंजऱ्यात चार-पाच पावले टाकली की वळावे लागे.

प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या आधारे केंद्र शासनाने १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह या पाच प्राण्यांना खेळ शिकविण्यास व त्यांचे खेळ दाखविण्यास मनाई केली. सर्कस-मालक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली शासनाची बाजू उचलून धरली आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आपण महाराष्ट्र दिन साजरा करीत होतो, त्याच दिवशी तंबूतल्या सिंहांचा निकाल लागला.

निकाल लागला खरा. पण सिंह ठेवावयाचे कोठे? कागदावर मनाई करणे हे एका सहीचे काम असते. त्या सहीमुळे बेकार झालेल्या शेकडो वाघ-सिंहांना जागा, अन्न आणि औषध देणे हे वीस वर्षांचे काम ठरले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या साहाय्याने बेंगळूरजवळील बन्नेरघट्टा, चेन्नईजवळील वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी बचाव केंद्रे उभी राहिली. प्रेक्षकांना दाखविण्यासाठी नव्हे, तर या प्राण्यांना उरलेले आयुष्य नीट घालविता यावे, यासाठी ती होती.

शिक्षकांचे पत्र आल्यानंतर अशा एका केंद्रात जाण्याची संधी मला मिळाली. तेथे जे पाहिले आणि तेथील पशुवैद्यांनी जे समजावून सांगितले, त्यातील थोडे सांगतो.

सर्कशीतून आलेला सिंह म्हणजे चित्रातला सिंह नव्हे. कोणाचे सुळे मोडलेले, तर कोणाची नखे मुळापासून काढलेली. नखे काढताना बोटाच्या टोकाचे हाडही जाते आणि म्हातारपणी असा प्राणी लंगडू लागतो. कित्येकांची हाडे वाकलेली होती. याचे कारण मला नवे होते. निव्वळ मांस म्हणजे सिंहाचे पूर्णान्न, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. जंगलातील सिंह शिकारीचे मांस खातो, तसेच तिची मऊ हाडे, यकृत आणि आतील इतर अवयवही खातो. वाढत्या वयात छाव्याला हाडाविना नुसते मांस मिळाले तर त्याच्या शरीराला चुन्याचा अंश मिळत नाही; मग शरीर स्वतःच्याच हाडांतून तो काढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. यकृत न मिळाल्याने अ जीवनसत्त्वाची उणीव पडली तर कवटीचे हाड जाड होऊन मेंदूच्या मागच्या भागावर दाब येतो. असा छावा मान वर करून आकाशाकडे पाहत राहतो, चालताना झोकांड्या खातो. लोकांना ती गंमत वाटते. वास्तविक तो आजार असतो, आणि पुष्कळदा उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

केंद्रात आल्यावर प्रथम विलगीकरण. काही आठवडे नव्या प्राण्यास इतरांपासून दूर ठेवून विष्ठा, रक्त, त्वचा यांची तपासणी होते. जंत, खरूज, क्षय यांसारखे रोग आपल्याबरोबर तो आणीत नाही ना, हे पाहिले जाते. आहारात हाडासकट म्हशीचे मांस, अधूनमधून यकृत आणि आठवड्यातून एक दिवस उपास. उपासाचे नाव ऐकून आपण हसलात, पण त्यामागे विचार आहे. जंगलात सिंहाला रोज शिकार मिळत नाही आणि त्याचे पोट रोजच्या पंगतीसाठी घडलेले नाही.

औषधोपचाराची पद्धतही आता बदलली आहे. पूर्वी सुई टोचावयाची तर सिंहाला गुंगीचे औषध देण्यावाचून गत्यंतर नसे, आणि वयस्क प्राण्याला गुंगी देणे धोक्याचे असते. आता रक्षक रोज थोडा वेळ देऊन, मांसाच्या तुकड्याच्या आमिषाने, सिंहाला गजांशी अंग लावून स्वस्थ बसण्याची सवय लावतात. मग शेपटी गजांतून बाहेर घेऊन रक्त काढता येते. सिंहाला शिकविणे वाईट म्हणून तर सर्कस बंद केली. मग हे काय, असे मी विचारले. त्यावर तेथील वैद्य म्हणाले, “येथे तो आला नाही तरी त्याचे जेवण चुकत नाही.” दोन्ही शिकवण्यांमधला हा फरक मला पुरेसा वाटला.

आणि मग मी ती सिंहीण पाहिली. मोठे आवार होते. झाडे होती, गवत होते, पाण्याचा हौद होता. ती आवाराच्या एका कोपऱ्यात पाच पावले जात होती, वळत होती, पाच पावले परत येत होती. जमिनीवर तेवढ्याच लांबीची पायवाट पडली होती. तिच्या रक्षकाने सांगितले, की पहिले काही दिवस तर ती रात्रनिवाऱ्याचे दार उघडे असूनही बाहेर पडत नसे. पायाखाली गवत लागताच पाय उचलून घेई. पिंजऱ्याचे गज काढून घेतले, पण त्यांचे माप तिच्या अंगात राहिले होते. त्या रक्षकाचे शिक्षण फार नसावे. पण कोणत्या दिवशी तिने सात पावले टाकली, ते त्याला तारखेनिशी ठाऊक होते.

आता छाव्यांकडे वळू. केंद्रात पिले होऊ द्यावयाची नाहीत, असा नियम असताना ती होतात कशी? पहिली गोष्ट अशी, की सुटका झालेल्या प्राण्याबरोबर त्याचा इतिहास येत नाही. कोणती सिंहीण कोणत्या नराबरोबर किती दिवस होती, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. सिंहिणीचा गर्भकाळ साडेतीन महिन्यांचा, सुमारे ११० दिवसांचा. त्यातील बराच काळ तिच्या पोटाकडे पाहून काही कळत नाही. भरपेट जेवलेली सिंहीण आणि गाभण सिंहीण सारखीच दिसते. यास्तव आज सोडवून आणलेली सिंहीण उद्या पिले घेऊन उभी राहू शकते. २०१७ च्या उन्हाळ्यात सीरियातील युद्धग्रस्त अलेप्पो शहराजवळच्या एका बेवारस पडलेल्या प्राणिसंग्रहालयातून तेरा प्राणी प्रयासाने बाहेर काढण्यात आले आणि तुर्कस्तानमार्गे जॉर्डनमधील जेराशजवळच्या अल मावा या अभयस्थानात पोचविण्यात आले. त्यांतील दाना नावाची सिंहीण तेथे पोचते न पोचते तोच व्याली. ज्यांनी प्राणी मोजून आणले होते त्यांना हिशेबाचा आकडा बदलावा लागला.

दुसरे कारण अधिक साधे आहे, आणि त्यात माणसाची चूक असते. एकाच वेताची भावंडे लहान म्हणून एकत्र ठेवली जातात. ती अडीच-तीन वर्षांत वयात येतात, आणि ‘अजून पोरे आहेत’ असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकाच्या आधी ही गोष्ट निसर्गाला कळते. कधी नसबंदी झालेला नर लगेच माद्यांत सोडला जातो. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक राहते, याचा विसर पडतो.

येथे एक शंका आपल्या मनात येईल. सिंहाचे सरळ खच्चीकरण का करीत नाहीत? आपल्या गावांत बैलांचे करतातच की. याचे उत्तर सिंहाच्या मानेवर आहे. आयाळ ही नराच्या संप्रेरकावर पोसलेली असते. खच्ची केलेल्या सिंहाची आयाळ झडून जाते. लांबून पाहणाऱ्याला तो सिंहीणच वाटतो आणि कळपातील इतरही त्याला पूर्वीच्या मानाने वागवीत नाहीत. म्हणून नसबंदी. तीत बीजाची वाट बंद होते, पण आयाळ आणि रुबाब शाबूत राहतो. मात्र या उपायालाही किंमत आहेच. गर्भ राहत नसल्याने मादी पुनःपुन्हा माजावर येते आणि असे वर्षानुवर्षे चालले तर तिच्या गर्भाशयाला विकार होण्याचा संभव वाढतो. त्यासाठी माद्यांच्या त्वचेखाली संप्रेरकाची कांडी बसविणे किंवा अंडाशय काढणे, असे मार्ग आहेत. कोणता प्राणी, कोणते वय, किती जागा, हे पाहून वैद्याला निवड करावी लागते. ही निवड कार्यालयात बसून परिपत्रकाने होत नाही, हे मी शासनाचा नोकर असूनही सांगतो.

असो. दक्षता घेऊनही छावे आलेच, तर काय करावे? सर्वांत अवघड उत्तर हे की, काहीही करू नये. सिंहीण साधारणतः दोन ते चार पिलांना जन्म देते. जन्मतः पिलू किलो-सव्वा किलोचे, अंगावर ठिपके, डोळे मिटलेले. जंगलातील सिंहीण अशा वेळी कळपापासून दूर जाते आणि सहा-आठ आठवडे पिलांना कोणाच्या दृष्टीस पडू देत नाही. केंद्रातही तिला हाच एकांत हवा असतो. खोलीत अंधार, कोरडे गवत, भरपूर पाणी. नर दुसऱ्या आवारात. आणि रोज एकच, तिच्या ओळखीचा रक्षक. इतर कोणीही नाही. यात पुढाऱ्यांचा समावेश आहे, वार्ताहरांचा आहे, आणि छायाचित्रकार बरोबर घेऊन जाणाऱ्या माहिती अधिकाऱ्याचाही आहे. बिथरलेली सिंहीण पिलांना तोंडात धरून खोलीभर फिरत राहते, टाकून देते, प्रसंगी मारूनही टाकते. मग ‘आई निर्दय निघाली’ अशी बातमी होते. बातमी देण्यासाठी तेथे कोण कोण गेले होते, ते मात्र त्या बातमीत नसते.

सिंहिणीला दूध नसेल किंवा तिने पिले टाकलीच असतील तर मात्र ती उचलून बाटलीवर वाढवावी लागतात. हे काम दिसते तितके गोड नाही. गाईचे दूध त्यांना पुरत नाही. सिंहिणीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने कितीतरी अधिक असतात. माणसाच्या बाळासारखे पिलाला उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाऊन ते दगावते. त्याला पोटावर ठेवून, मान किंचित वर करूनच पाजावे लागते. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट ओल्या कापसाने पोटाखाली पुसावे लागते, कारण आईने चाटल्याशिवाय लहान पिलाला मलमूत्र विसर्जन करता येत नाही. पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हे चालते. आणि एवढे करून वाढविलेला छावा माणसाला आपला समजू लागतो. तीन महिन्यांचा असताना ते कौतुकाचे असते. तो तीन वर्षांचा झाला म्हणजे त्याच्यापुढे उभे राहून कौतुक करता येत नाही, आणि सिंहांत सोडावे तर त्याला सिंहांची रीत ठाऊक नसते.

मग गुरुजींचा मुख्य प्रश्न शिल्लक राहतो. छाव्याला आईजवळ नीट वाढू दिले, तर त्यात वाईट काय? पुढे त्याला गीरच्या जंगलात का सोडू नये?

याचे उत्तर पंजाबातील छतबीर प्राणिउद्यानाने फार महागात मिळविले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानात पुढे सिंहांची संख्या मोठ्या झपाट्याने वाढली. छावे होत होते, प्रेक्षक लोटत होते, सर्वांना आनंद होता. परंतु त्यांत गीरच्या आशियाई सिंहांबरोबर सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी रक्ताच्या सिंहांचाही संकर झालेला होता. पुढे त्यांच्यात रोगांनी ठाण मांडले. मागचे पाय लुळे पडू लागले, साध्या जखमा भरेनाशा झाल्या. अखेर प्रजनन थांबविण्यात आले, नरांची नसबंदी झाली आणि तो सगळा वंश हळूहळू, म्हातारपणाने, मावळू देण्याचे ठरले. भिन्न जातींचाच नव्हे, तर एकाच जातीच्या भिन्न वंशांचाही संकर प्राणिसंग्रहालयांनी होऊ देऊ नये, असे आज आपले नियम सांगतात.

सर्कशीतील बहुतेक सिंह असेच मिश्र रक्ताचे होते. गीर हे आशियाई सिंहाचे जगातील एकमेव नैसर्गिक घर. २०१५ च्या गणनेत तेथे ५२३ सिंह होते, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१. ही वाढ ज्या एका वंशाची, त्यात अनोळखी रक्त मिसळणे म्हणजे इतक्या वर्षांच्या जपणुकीवर पाणी सोडणे होय. शिवाय २०१८ साली गीरमध्ये कुत्र्यांपासून पसरणाऱ्या डिस्टेंपर रोगाची साथ आली आणि थोड्या आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले. पिंजऱ्यात वाढलेला प्राणी कोणता रोग बरोबर नेईल, याची हमी कोण देणार? आणि ज्याला माणसाचे भय नाही, शिकार येत नाही, तो पहिल्या भुकेला कोठे जाईल, हे येथे बसलेल्या सरपंचांना मी सांगण्याची गरज नाही.

म्हणजे छावा जंगलात जाऊ शकत नाही. तो पिंजऱ्यातच राहणार. तेव्हा आता थोडा हिशेब करू. पंचायत सदस्यांना हिशेब आवडतो. मोठ्या सिंहाला दिवसाला सरासरी १० किलो मांस धरा. आठवड्याचे सहा दिवस. वर्षाला तीन टनांहून अधिक झाले. पिंजऱ्यातील सिंह पंधरा-अठरा वर्षे सहज जगतो. पंधरा वर्षांचेच धरले तरी एका सिंहाचे पंचेचाळीस टनांच्या वर जाते. तीन छाव्यांचा एक वेत म्हणजे शासनाच्या, म्हणजे आपल्याच तिजोरीवर पंधरा वर्षांचा करार. पण मला पैशापेक्षाही जागेची गोष्ट मोठी वाटते. एका केंद्रात वीस खोल्या असतील तर त्या वीसच असतात. येथे जन्मलेल्या छाव्याने अडविलेली खोली म्हणजे बाहेर कोठेतरी चाकांच्या पिंजऱ्यात वाट पाहणाऱ्या एका सिंहाची नाकारलेली जागा.

याला दुसरे टोकही आहे. मार्च २०१४ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने नव्या नरासाठी जागा करावयाची म्हणून आपले चार सिंह मारून टाकले. त्यांत दोन लहान होते. पिले होऊ देणे हा प्राण्याचा स्वाभाविक आनंद आहे, तो हिरावून घेऊ नये, आणि जास्त झालेले प्राणी वेदनेशिवाय मारावेत, अशी तिकडील काही जाणकारांची भूमिका आहे. तिच्यात तर्कसंगती आहे, हे मी नाकारत नाही. पिलांवाचून राहिलेल्या सिंहिणीचे आयुष्य अपुरे आहे, हेही खरेच. तरीही, ज्या प्राण्याला आपण ‘सुटका केली’ म्हणून आणले, त्याच्या पिलाला जागा नाही म्हणून मारावयाचे, ही गोष्ट माझ्या बुद्धीला कधी पटली नाही. जन्माला येऊ न देणे, आणि आलाच तर अखेरपर्यंत सांभाळणे, हा आपल्याकडील मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. पत्राला उत्तर लिहिताना मी गुरुजींना हेच कळविले.

आता थोडे आपल्या दारातले. सिंह आपल्या जिल्ह्यांत नाहीत, पण बिबळ्या आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड या भागांतील सदस्यांना ते सांगावयास नको. ऊस तोडताना पाचटात बिबळ्याची पिले सापडणे ही तेथे दर हंगामाची गोष्ट झाली आहे. येथे सिंहाचा नियम उलटा लागू होतो. सर्कशीतील सिंहाच्या छाव्याला जाण्यासाठी जंगल नाही. उसातल्या पिलाला मात्र आई आहे आणि ती बहुधा हाकेच्या अंतरावर दबून बसलेली आहे. ते पिलू टाकून दिलेले नसते. आपण दयेपोटी त्याला घरी आणतो, दूध पाजतो, मुले त्याच्याबरोबर छायाचित्रे काढतात आणि रात्री आई त्याला शोधीत वस्तीत येते. नंतर जे घडते त्याचा दोष तिच्यावर ठेवला जातो. माणसे दगावली आहेत, कुटुंबे उघडी पडली आहेत. भीती खरी आहे, हे मी जाणतो. म्हणूनच सांगतो, की आईला तिचे पिलू परत मिळणे यात वस्तीचेही हित आहे.

वन विभागाने जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबळ्यांसाठी निवारा केंद्र चालविले आहे. तेथील वैद्य व स्वयंसेवी कार्यकर्ते अशा पिलांची तपासणी करून, ती जेथे सापडली त्याच जागी सायंकाळी एका खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात आणि दूर जाऊन थांबतात. अंधार पडला की पुष्कळदा मादी येते, खोके पाडते, एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यांनी हे अनेकदा टिपले आहे. जे पिलू परत जात नाही, ते केंद्रात राहते आणि मोठेपणीही तेथेच राहते. मग त्याचाही तोच हिशेब सुरू होतो, जो मी सिंहांच्या बाबतीत मांडला.

तेव्हा हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापल्या गावी तोडणी टोळ्यांचे मुकादम आले, की त्यांना एवढे आवर्जून सांगावे: पिले दिसली तर हात लावू नये, त्या सरीची तोड थांबवावी, माणसांनी एकत्रितपणे मागे यावे, मुलांना कोपीत ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकास तत्काळ कळवावे. गर्दी जमू न देणे हे काम पोलीसपाटील आणि सरपंच यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही. शिक्षकांनी वर्गात सांगितले तर ते घराघरांत पोचते, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव आहे.

गुरुजींचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. माझ्या उत्तराची पोच त्यांनी दिली. त्यांत ‘आपले म्हणणे पटले, परंतु मुलीला कसे सांगावे हे कळत नाही’ असे लिहिले होते. त्यानंतर आमचा पत्रव्यवहार काही वर्षे चालू राहिला. शाळेने वर्गणी काढून एका प्राणिउद्यानातील दत्तक योजनेत एका सिंहाचा काही दिवसांचा खर्च उचलला, तेही त्यांनी कळविले.

मध्यंतरी दुसऱ्या कामासाठी गेलो असता मी ते केंद्र पुन्हा पाहून आलो. सर्कशीतून आलेले सिंह आता तेथे राहिलेले नाहीत. एकेक करून, बहुतेक म्हातारपणाने, ते गेले. पाच पावलांच्या त्या सिंहिणीचे आवार रिकामे होते आणि तिची पायवाट गवताखाली गेली होती. तिचा रक्षक निवृत्तीला आला होता. दुसरीकडून जप्त होऊन यावयाच्या प्राण्यांसाठी तो आवाराचे कुंपण तपासत होता. ती शेवटच्या वर्षी हौदापर्यंत जाऊ लागली होती, असे त्याने सांगितले. मी अंतर मोजले. कोपऱ्यापासून हौदापर्यंत साठ पावले भरली.